अटकेचे कारण आणि त्याची भाषा

हैदराबादेतील मलकपेठ म्हटले म्हणजे परगावच्या माणसाला घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आठवते. इतिहासाची गोडी असलेल्याला निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड नावाच्या फ्रेंच सेनानीची कबर आठवते. परंतु ह्या वस्तीला लागूनच चंचलगुडा आहे, आणि तेथे एकोणिसाव्या शतकात निजामी अमदानीत बांधलेला मोठा तुरुंग आजही वापरात आहे. मलकपेठेतून त्याच्या भिंतीपर्यंत पायी जाता येते. आम्हां शिक्षकांना नागरिकशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्कांचे प्रकरण शिकवावे लागते, आणि त्या वेळी मुले पुस्तकातले प्रश्न बाजूला ठेवून एकच प्रश्न हटकून विचारतात: ‘सर, पोलीस दारात आले तर काय करायचे?’

पोलिसांना पाहून घाबरणे हे काही गुन्हेगाराचेच लक्षण नव्हे; आपल्याकडे सज्जन माणूसच अधिक घाबरतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण मुलांना लहानपणापासून ऐकवतो, आणि चौकीची पायरी तर त्याहूनही चार हात लांब ठेवतो. परिणाम असा होतो की, ती पायरी चढण्याची वेळ आलीच तर माणसाजवळ कसलीच माहिती नसते. आज मी कायद्याची कलमे एकामागून एक वाचून दाखवणार नाही. माणसाला अटक करताना सरकारने त्याला कारण सांगितले पाहिजे, आणि ते त्याला कळेल अशा भाषेत सांगितले पाहिजे, एवढ्या एकाच गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. गोष्ट लहान दिसते. परंतु ती कागदावर उतरायला फार काळ लागला, आणि त्या इतिहासातील कित्येक प्रसंग ह्या शहरात व आपल्या मराठी मुलखातच घडलेले आहेत.

1948 पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. राज्यकारभाराची भाषा मात्र आधी फार्सी आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उर्दू झाली. उर्दूविषयी माझ्या मनात यत्किंचितही अढी नाही. ह्या शहरात राहणाऱ्याच्या ओठी ती आपोआप येते, आणि ती आली की बोलण्यालाही अदब येते. प्रश्न भाषेच्या गोडव्याचा नव्हताच. परभणी किंवा बीडकडच्या एखाद्या कुणब्याला अमीनसाहेबांपुढे उभे केले म्हणजे त्याच्याविषयी जे लिहिले जाई ते त्याला वाचता येत नसे. त्याच्या वाट्याला कागदाच्या खाली उठवायचा अंगठा तेवढा येई. आपल्याला कशासाठी धरले हे त्याला शेजारच्या कोणा जाणत्याकडून कळे, आणि कित्येकदा कळतही नसे.

ह्या राज्याविषयी न्यायाने बोलायचे तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 1921 मध्ये हैदराबाद संस्थानात न्यायखाते कारभारापासून वेगळे करण्यात आले. हे पाऊल ब्रिटिश हिंदुस्थानातही तोवर पडलेले नव्हते. मराठवाड्यातून आलेले, वकिली करून नावारूपाला चढलेले आणि ‘निजाम विजय’ पत्राशी व विवेक वर्धिनी शाळेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते केशवराव कोरटकर पुढे ह्याच राज्याच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुसीच्या काठची उच्च न्यायालयाची देखणी इमारत त्याच काळातली. परंतु न्यायालय कितीही स्वतंत्र झाले तरी माणूस तेथवर पोहोचला पाहिजे ना! तिसऱ्या दशकाच्या अखेरीस ‘गश्ती निशान 53’ ह्या नावाने कुप्रसिद्ध झालेले परिपत्रक निघाले, आणि सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून सार्वजनिक सभा भरवणे अशक्य झाले. जेथे चार माणसांना एकत्र बसून गाऱ्हाणे बोलता येत नाही, तेथे एकट्या माणसाने फौजदाराला ‘मला का धरता?’ असे विचारावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर उभी राहण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली, आणि 24 ऑक्टोबर रोजी गोविंदराव नानल ह्यांच्या तुकडीने सत्याग्रह केला. मागोमाग स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनी स्वतःला अटक करवून घेतली. तुरुंग भरले. त्याच सुमारास वंदे मातरम् म्हटले म्हणून रामचंद्रराव नावाच्या तरुणाला तुरुंगात फटक्यांची शिक्षा झाली आणि जन्मभर ‘वंदेमातरम्’ हेच त्यांच्या नावापुढे लागले. ह्या सर्वांचे धैर्य मोठे, ह्यात शंका नाही. परंतु सत्याग्रही आणि सामान्य माणूस ह्यांत एक फरक आहे, आणि तो आपण सहसा लक्षात घेत नाही. आपल्याला कशासाठी धरणार हे सत्याग्रह्याला आधीच ठाऊक असते. किंबहुना ते जाहीर करूनच तो घराबाहेर पडतो. हार घालायला माणसे असतात, पत्रांत नाव येते. रात्री घरातून उचलून नेलेल्या मजुराला ह्यांतले काहीच मिळत नाही. कायद्याची परीक्षा त्याच्या बाबतीत होते.

सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्य संस्थानात आले आणि निजामाने शरणागती पत्करली. ह्या शहरात जुनी माणसे आजही त्या घटनेला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. लष्कराच्या चालीला पोलिसांचे नाव मिळाल्याचे हे उदाहरण विचित्रच म्हणायचे. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, 15 सप्टेंबर 1949 रोजी, दिल्लीला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी एक नवे कलम मांडले. मसुद्यात त्याचा क्रमांक 15-अ होता. छापील घटनेत तेच बाविसावे कलम झाले.

ते कलम मांडण्याची पाळी का आली हे समजून घेण्याजोगे आहे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य ह्यांविषयीचे कलम, म्हणजे आजचे एकविसावे, आदल्या डिसेंबरात संमत झाले होते. कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीवाचून कोणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. पण ती पद्धती न्याय्य असलीच पाहिजे, असा शब्द त्यात घातला गेला नाही, आणि त्यामुळे पुष्कळ सभासद असंतुष्ट राहिले. उद्या विधिमंडळाने जुलमी पद्धतीच कायदेशीर केली तर काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. डॉ. आंबेडकरांनी त्या असंतोषाची दखल घेऊन, जे गेले त्याची काही अंशी भरपाई म्हणून हे कलम पुढे केले. अटक केलेल्याला शक्य तितक्या लवकर कारण सांगावे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला त्याला घेऊ द्यावा, आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे. ह्या गोष्टी फौजदारी संहितेत पूर्वीही होत्या. परंतु संहिता बहुमताने केव्हाही बदलता येते. तीच गोष्ट घटनेच्या मूलभूत हक्कांत गेली म्हणजे ती सहज काढता येत नाही. कलमाच्या उत्तरार्धात प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा ठेवली होती, आणि त्यावरून बक्षी टेकचंद ह्यांच्यासारख्या जाणत्या सभासदांनी कठोर टीका केली. ती टीका अनाठायी नव्हती, हे पुढे दिसलेच.

हैदराबादपुरते बोलायचे तर, ह्या कलमाची पहिली मोठी कसोटी तेलंगणातील शेतकरी-लढ्याच्या कैद्यांच्या बाबतीत लागली. लष्करी राजवटीतील विशेष न्यायाधिकरणांनी त्यांतील कित्येकांना फाशीची शिक्षा दिली होती. आपल्याला वकील मिळाला नाही, बचावाची संधी मिळाली नाही, अशी त्यांची तक्रार होती. हैदराबादच्या उच्च न्यायालयाने त्यांची अपिले डिसेंबर 1949 मध्ये फेटाळली, आणि घटना अंमलात आली ती 26 जानेवारी 1950 रोजी. मध्ये अवघे दीड महिन्याचे अंतर! जनार्दन रेड्डी विरुद्ध हैदराबाद राज्य ह्या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, डी. एन. प्रिट हे इंग्लंडमधील नामांकित वकील कैद्यांची बाजू मांडायला आले. 1951 मध्ये न्यायालयाने सांगितले की, घटनेतील हक्क मागील तारखेपासून लागू होत नाहीत. पुढे त्या फाशीच्या शिक्षा कमी झाल्या, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. हे प्रकरण मी वरच्या वर्गातील मुलांना नेहमी सांगतो. हक्क आकाशातून पडत नाही. त्याला एक तारीख असते, आणि त्या तारखेच्या अलीकडे राहिलेल्या माणसाला तो लाभत नाही.

आता भाषेची गोष्ट. ती नागपूरची आहे, आणि माझ्या मते ह्या सर्व इतिहासात सर्वांत मोलाची आहे. एप्रिल 1961 मध्ये नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने हरिकिसन ह्या इसमाला प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात ठेवले गेले. स्थानबद्धतेची कारणे त्याच्या हाती दिली ती इंग्रजीत. त्याने कळवले की, मला इंग्रजी येत नाही, मला हिंदीत द्या. सरकारने नकार दिला. इंग्रजी ही अजून राज्यकारभाराची भाषा आहे, आणि पोलीस अधिकाऱ्याने त्याला सारा मजकूर हिंदीत तोंडी समजावून सांगितलेला आहे, असे सरकारचे म्हणणे पडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला ते पटले. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मात्र पटले नाही.

न्यायालयाचा युक्तिवाद साधा होता, आणि म्हणूनच तो बिनतोड होता. कारण ‘कळवायचे’ म्हणजे कागद हातात कोंबायचा असा अर्थ नव्हे. ते त्या माणसाच्या मनापर्यंत पोहोचले पाहिजे. त्याला त्या कारणांना उत्तर द्यायचे असते. तोंडी ऐकलेला लांबलचक मजकूर कोणाच्या ध्यानात राहणार, आणि ध्यानात न राहिलेल्या आरोपाला कोण उत्तर देणार? सबब ज्या भाषेत व ज्या लिपीत तो वाचू शकतो तीत कारणे दिली पाहिजेत. हरिकिसन सुटला. आपण शाळेत पाठांतर आणि आकलन ह्यांत जो फरक करतो, तोच न्यायालयाने येथे केला असे मला नेहमी वाटते. हा निर्णय स्थानबद्धतेपुरता होता. साध्या अटकेला तो सर्रास लागू व्हायला आणखी सहा दशके जावी लागली.

मध्यंतरी तर कारण सांगण्याचे बंधनच उठले होते. 1975 च्या आणीबाणीत ‘मिसा’ कायद्याखाली धरलेल्यांना कारणे सांगायची नाहीत, ती गुप्त समजायची, अशी तरतूद झाली. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी कैद्यांची दाद घेतली. एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ती नाकारली. विरोधी मत न्या. खन्ना ह्यांचे. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, आणि 2017 मध्ये तो निर्णय चुकीचा होता असे लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते.

येथवर सरकारने काय सांगावे ते पाहिले. माणसाने काय सांगावे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हा नियम 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातला, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा. तो घालणारे जेम्स स्टीफन हे काही हिंदी जनतेचे कैवारी नव्हते. परंतु उन्हातान्हात हिंडून पुरावा गोळा करण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणे पोलिसाला सोपे वाटते, हे त्यांनी आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. त्याआधी 1855 मध्ये मद्रास इलाख्यातील छळाची सरकारी चौकशी झालेली होतीच. सरकारने आपल्याच पोलिसांवर अविश्वास दाखवणारा असा नियम करावा, ह्यातच सर्व काही आले. 2024 पासून जुन्या पुराव्याच्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. हा नियम त्यातही कायम आहे. घटनेचे विसावे कलम स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू देत नाही, आणि ते संरक्षण पोलिसांच्या प्रश्नांच्या वेळीही मिळते, असे 1978 मध्ये नंदिनी सत्पथी ह्यांच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर ह्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले.

परंतु त्याच 1978 मध्ये, मार्च महिन्यात, मलकपेठेहून मुसी ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या नल्लकुंट्याच्या ठाण्यात जे घडले त्याने हे शहर हादरले. रात्री सिनेमा पाहून परतणाऱ्या एका गरीब स्त्रीला पोलिसांनी ठाण्यात नेले. तिच्यावर अत्याचार झाला. तिच्या रिक्षाचालक नवऱ्याला इतकी मारहाण झाली की तो दगावला. लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, संचारबंदी पुकारावी लागली. उच्च न्यायालयाच्या न्या. मुक्तदर ह्यांच्या आयोगाने पोलिसांना दोषी ठरवले. खटला मात्र कर्नाटकात रायचूरला चालला आणि तेथे पोलीस निर्दोष सुटले. त्या स्त्रीचे नाव तेव्हा सर्वत्र छापले गेले. मी ते घेत नाही. आयोगापुढे तिच्या चारित्र्याचीच अधिक चिकित्सा झाली, ही गोष्ट मला मारहाणीइतकीच लाजिरवाणी वाटते. आपल्या विदर्भातील देसाईगंजच्या ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटलाही ह्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात आरोपींच्या सुटकेने संपला. त्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ह्या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया उठल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

1983 ह्या वर्षाने आणखी एक गोष्ट दिली, आणि तिच्याशी मराठीचा थेट संबंध आहे. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीविषयी शीला बारसे ह्या पत्रकार स्त्रीने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले होते. न्या. भगवती ह्यांनी त्या पत्रालाच अर्ज मानले. निकालात स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी, इत्यादी गोष्टी आल्या. त्याबरोबरच असा हुकूम झाला की, अटकेतील माणसाचे हक्क सांगणारे पत्रक महाराष्ट्र सरकारने मराठीत, तसेच हिंदी व इंग्रजीत छापावे, प्रत्येक कोठडीत लावावे, आणि आणलेल्या माणसाला त्यांपैकी जी भाषा कळते तीत वाचून दाखवावे. वाचून दाखवावे, हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. अक्षरशत्रू माणसाची आठवण न्यायालयाने ठेवली.

पुढे 18 डिसेंबर 1996 रोजी डी. के. बसू प्रकरणाचा निकाल लागला. बसू हे बंगालमधील कायदेविषयक मदत संस्थेचे प्रमुख. कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वाचून त्यांनी 1986 मध्ये पत्र लिहिले होते. त्या निकालातील अकरा नियम आज बहुतांशी कायद्यात आले आहेत. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर वाचता येईल असे नाव पाहिजे. अटकेचा कागद जागेवरच तयार झाला पाहिजे, त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही पाहिजे. नातलगाला खबर गेली पाहिजे. हे नियम आकाशवाणीवरून लोकांना ऐकवावेत, असेही न्यायालयाने त्याच निकालात सुचवले होते. तेव्हा आजच्या भाषणाला सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे, असे म्हणायला हरकत नाही.

नियम असूनही काय होते, हे ह्या शहराने अलीकडेच पाहिले. 2019 मध्ये एका तरुण पशुवैद्य स्त्रीच्या हत्येनंतर धरलेले चार आरोपी 6 डिसेंबरला पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि आरोपींना ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष त्या आयोगाने काढला. त्या मुलीच्या मृत्यूचा संताप मला कळतो. परंतु फुले उधळणाऱ्या हातांनी आपल्याच हक्काच्या कागदावर पाणी ओतले, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

‘पण सर, पोलिसाला उलट विचारले तर तो चिडणार नाही का?’ असे मुले विचारतात. चिडेलही. येथे मला ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकातील संत पौलाचा प्रसंग सांगावासा वाटतो, कारण तो धर्माइतकाच कायद्याचाही आहे. यरुशलेमेत रोमन शिपायांनी त्याला फटके मारण्यासाठी बांधले, तेव्हा त्याने हात उगारला नाही की आरडाओरडा केला नाही. अपराध शाबीत न झालेल्या रोमन नागरिकाला फटके मारणे कायद्यात बसते काय, एवढेच शांतपणे विचारले. शताधिपती थबकला आणि वरिष्ठांकडे गेला. विचारण्याची रीत हीच. मात्र पौलाच्या शेजारी बांधलेल्या, नागरिक नसलेल्या गुलामाला तो प्रश्न विचारता आला नसता. आपले बाविसावे कलम ‘नागरिक’ असा शब्द वापरत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. शत्रुराष्ट्राचा माणूस आणि स्थानबद्ध एवढे सोडले तर ते सर्वांना लागू आहे.

1 जुलै 2024 पासून फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. आकडे बदलले, गाभा बराचसा तोच राहिला. साक्षीदार म्हणून बोलावायचे तर पोलिसांनी लेखी हुकूम दिला पाहिजे. स्त्री, 15 वर्षांखालील मुलगा, 60 वर्षांवरील पुरुष, आजारी वा अपंग माणूस ह्यांना ठाण्यात येण्याची सक्ती नाही. त्यांना घरीच विचारायचे असते. प्रश्नांची उत्तरे खरी द्यावी लागतात, परंतु ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू ते देण्याचे बंधन नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. किती सुशिक्षित माणसे ती मुकाट्याने करतात! सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर आधी हजर राहण्याची नोटीस देतात. तिला मान देऊन हजर राहावे. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी सहसा अटक करता येत नाही. अगदी अपवादाचाच प्रसंग असेल तर मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी आणि स्त्री अधिकारी लागते. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. हवालदाराशी झोंबाझोंबी करणे किंवा पळणे मात्र कधीही नको. तो स्वतंत्र गुन्हा होतो, आणि न्याय्य बाजूही हातची जाते. बारा-बारा तास उभा असलेला हवालदार हाही माणूस आहे, हे विसरू नये.

आणि आता नागपूरच्या त्या जुन्या निर्णयाचे पुढे काय झाले ते. 2023 व 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही खास कायद्यांखालील अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत असे ठरवले. 6 नोव्हेंबर 2025 रोजी, मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या मुंबईच्या प्रकरणात, सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. मसीह ह्यांनी तो नियम सर्वच गुन्ह्यांना लागू केला. कारणे लेखी, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत. तेथल्या तेथे लिहून देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी कागद त्याच्या हाती पडला पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा ठरते.

मलकपेठेच्या ठाण्यात कागद तेलुगूत, उर्दूत किंवा इंग्रजीत लिहिला जाणार. कामधंद्यासाठी नांदेड-लातुराकडून आलेल्या एखाद्या मराठी मजुराला ह्या तिन्ही भाषा वाचता येत नसतील, तर त्याने तेवढेच नम्रपणे म्हणावे: मला हे मराठीत द्या. 15100 ह्या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मागता येतो. आमच्या सातवीतल्या मुलांनी तो क्रमांक आपापल्या वहीच्या पहिल्या पानावर, पालकांच्या दूरध्वनी क्रमांकाखाली, लिहून ठेवला आहे.